दारू सोडायचीय, पण जायचं कुठं? मराठवाड्यातल्या नव्या माणसासाठी मीटिंगची वाट

बीड घ्या, लातूर घ्या, परभणी घ्या. दारू सोडू म्हणणाऱ्या माणसाला आपल्याकडं तीनच रस्ते दाखवले जातात: देवाची शपथ, गळ्यात माळ, नाहीतर गाडीत घालून व्यसनमुक्ती केंद्र. तिन्हींत तो एकटाच असतो. शपथ एकट्यानं पाळायची, माळ एकट्यानं सांभाळायची, आणि केंद्रातून सुटला की एकट्यानंच एसटीतून उतरून त्याच गुत्त्यावरून घरी चालत जायचं.

चौथा रस्ता आहे तो सोबतीचा. दारू सुटलेले आणि सोडू पाहणारे लोक एका खोलीत बसतात, बोलतात, चहा पितात आणि घरी जातात. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस हे त्याचं नाव, आम्ही नुसतं एए म्हणतो. मी त्याच वाटेनं आलोय. नाव देत नाही, कारण छापील मजकुरात, रेडिओवर किंवा पडद्यावर नाव न देण्याची आमच्याकडं परंपरा आहे. शिवाय इथं लिहिलेलं सगळं माझं मत. एएच्या वतीनं बोलायचा अधिकार कुणाला नसतो, मलाही नाही.

१. आधी शपथा बंद करा

तुळजापूरला भवानीसमोर, परळीला वैजनाथासमोर, दर्ग्यात, लेकराच्या डोक्यावर हात ठेवून. जिथं जिथं शपथ घेता येते तिथं तिथं आपल्या माणसांनी ती घेतलेली आहे. घेताना ती खरीच असते. पण जन्मभराची शपथ पहिल्या संध्याकाळीच फार जड होते, आणि एकदा मोडली की डोक्यात विचार येतो, 'मोडलीच आहे तर आता काय राहिलं?' मग माणूस शपथेआधी पीत होता त्याहून जास्त पितो. देवाला फसवल्याची बोच वेगळी.

माळेचंही तेच. माळकऱ्यानं दारूला शिवायचं नाही हे सगळ्यांना ठाऊक. म्हणून प्यायला निघताना माळ काढून खुंटीला अडकवायची, आल्यावर चूळ भरून पुन्हा गळ्यात घालायची, असे लोक तुमच्याही गावात असतील. त्यांची टर उडवू नका. माळेचा धाक त्यांना खरंच वाटतो, म्हणून तर ते ती काढून ठेवतात.

एएमध्ये सांगतात ते एवढंच: आजचा दिवस प्यायची नाही. उद्याचं उद्या बघू. आजचा दिवसही मोठा वाटला तर दिवेलागणीपर्यंत. ऐकायला हे पोरकट वाटतं, पण वर्षानुवर्षं न प्यायलेले लोकही तसाच हिशेब ठेवतात.

आणि आपण दारुडे आहोत की नाही हे कसं ठरवायचं? प्रमाणपत्र कुणी देत नाही. सकाळी हात थरथरतात म्हणून उतारा लागतो का? 'आज एकच क्वार्टर' म्हणून बसल्यावर एकावर थांबता येतं का? बाटली कडब्याच्या गंजीत, मोटारीच्या पेटीत, पंपाच्या खोलीत लपवावी लागते का? उत्तरं मोठ्यानं द्यायची गरज नाही.

२. एकदम बंद करू नका, आधी दवाखाना

हा टप्पा सगळ्यांत महत्त्वाचा आहे, आणि लोक नेमका हाच गाळतात.

रोज भरपूर पिणाऱ्यानं एकाएकी दारू तोडली तर जीव जाऊ शकतो. शेवटच्या घोटानंतर साधारण सहा-आठ तासांत थरथर, घाम, मळमळ, छातीत धडधड सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना भ्रम होतो. भिंतीवर किडे चालताना दिसतात, मेलेला बाप हाक मारताना ऐकू येतो, माणूस अंथरूण चाचपत राहतो, ताप चढतो, दिवस-रात्र कळत नाही.

इथंच आपल्याकडं घात होतो. घरचे म्हणतात, बाहेरचं लागलं. मग देवऋषी, अंगारा, लिंबू. बाहेरचं काही नसतं. दारूला सरावलेला मेंदू दारू अचानक बंद झाल्यामुळं उसळलेला असतो, आणि त्यावर दवाखान्यात उपचार आहेत. फिट आली, बडबड सुरू झाली, माणूस ओळखेना झाला, की १०८ ला फोन करा. सकाळ व्हायची वाट बघू नका.

म्हणून सोडायच्या आधीच डॉक्टरांना भेटा. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते. संभाजीनगरला घाटी, अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ, नांदेडला विष्णुपुरीचं शंकरराव चव्हाण, लातूरला विलासराव देशमुख, ही सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. तिथंही मानसोपचार विभागात जायचं. 'मानसोपचार' ही पाटी वाचून पाय अडखळतात, 'मी काय येडा आहे का' असं वाटतं. अडखळू द्या, पण आत जा. दारू उतरवण्याच्या गोळ्या काही दिवस देतात आणि मग कमी करत बंद करतात. त्या गोळ्यांचीही सवय लागू शकते, म्हणून चिठ्ठी दाखवून मेडिकलवरून परस्पर वाढवून घेऊ नका.

सोबत काय न्यायचं:

- आधार कार्ड आणि रेशन कार्ड. आयुष्मान कार्ड काढलेलं असेल तर तेही.
- जुने रिपोर्ट, सोनोग्राफीची फाईल, आधीच्या दवाखान्याची चिठ्ठी.
- बीपी, शुगर, फिटच्या गोळ्या चालू असतील तर त्यांची पाकिटं. नुसतं 'पांढरी गोळी' सांगून उपयोग नाही.
- घरचा एक माणूस, ज्याच्यासमोर तुम्हाला खरं बोलता येईल असा.
- खरा आकडा. रोज किती क्वार्टर, देशी की हातभट्टी, शेवटची कधी घेतली.

शेवटच्या ओळीवर जरा थांबतो. डॉक्टरांपुढं सगळे निम्मंच सांगतात. चार क्वार्टरवाला 'दोन होतात कधी कधी' म्हणतो. गोळ्यांचा डोस त्या आकड्यावर ठरतो, त्यामुळं इथली लाज अंगावर येते. गावातल्या दवाखान्यात नुसतं 'अशक्तपणा आलाय, सलाईन लावा' असंही म्हणू नका. बरीच वर्षं पिणाऱ्याच्या अंगात बी-वन जीवनसत्त्व उरलेलं नसतं. दारूचं सांगितलं तर डॉक्टर ग्लुकोजच्या आधी ते देतात. ते कमी पडलं तर स्मरणशक्तीवर कायमचा परिणाम होऊ शकतो.

डॉक्टरपर्यंत जायचाच धीर होत नसेल तर दोन फोन आहेत. नशामुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६, आणि मन फार खचलं असेल, जिवाचं काही करून घ्यावं असं वाटत असेल तर टेलिमानस १४४१६. दोन्ही मोफत.

३. केंद्रात जायचं का?

काहींना गरज असते. घरी राहून तुटत नाही, घरात दुसराही पिणारा आहे, आधी फिट येऊन गेलीय, अशांनी जावं. चांगली केंद्रं आहेत. पुण्याचं मुक्तांगण १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी सुरू केलं, ते सगळ्यांना माहीत आहे. पण केंद्राच्या नावाखाली काय काय चालतं तेही सांगायला हवं.

रात्री झोपेतून उचलून नेणारी गाडी, दोरी, चापट, कोंडून ठेवणं याला उपचार म्हणत नाहीत. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारूच्या व्यसनाशी जोडलेले मानसिक त्रासही येतात. अशा संस्थेची नोंदणी लागते, आणि माणसाच्या मर्जीविरुद्ध ठेवायचं तर कायद्यानं ठरवलेली पद्धत पाळावी लागते. पैसे भरण्याआधी तीन गोष्टी विचारा: नोंदणीचा कागद कुठाय, डॉक्टर रोज येतात का, आणि घरच्यांना भेटू देता का. तिसऱ्या प्रश्नाला आडवंतिडवं उत्तर आलं तर परत फिरा.

भिंतीवर, एसटी स्टँडच्या मुतारीत, टपरीच्या मागं एक जाहिरात असते: 'न सांगता दारू सोडवा'. जेवणातून द्यायची पावडर. बायका बिचाऱ्या पदरचे पैसे मोडून ती आणतात. त्या पुडीत काय असतं याचा भरवसा नाही. त्यात डायसल्फिरामसारखं औषध असलं आणि माणूस त्यावर प्यायला, तर बीपी धाडकन खाली येऊन तो दगावू शकतो. हेच औषध डॉक्टर देतात तेव्हा पेशंटला समजावून, तपासण्या करून, त्याच्या संमतीनं देतात. भाकरीत कालवून देण्याची ही गोष्टच नाही.

केंद्रातून बाहेर पडल्यावर पहिला आठवडा सगळ्यांत धोक्याचा. घरी जायच्या आधी मीटिंगचा पत्ता खिशात असू द्या.

४. मीटिंग शोधणं

एए भारतात १९५७ पासून आहे. मराठवाड्यात जिल्ह्याच्या ठिकाणी आधी शोधा. इंटरनेटवर 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस' आणि शहराचं नाव टाका, नाहीतर मानसोपचार विभागातल्या समुपदेशकाला विचारा. त्याच्याकडं बहुतेक नंबर असतो. मीटिंगची जागा म्हणजे शाळेचा वर्ग, चर्चची खोली, दवाखान्याचा कोपरा, असं काहीतरी. मोठा बोर्ड शोधत बसू नका. फोन करा, कुणीतरी चौकात घ्यायला येतं.

फोन उचलणारा तुम्हाला कुठल्या गावचे, कुणाचे, कुठल्या समाजाचे, हे विचारणार नाही. आपल्याकडं हे फार नवलाचं आहे. पहिल्या नावावर काम चालतं.

फी नाही. सभासदत्वासाठी एकच अट, दारू सोडायची इच्छा. मीटिंगमध्ये शेवटी एक पिशवी किंवा डबा फिरतो, त्याला सातवी परंपरा म्हणतात, एएनं स्वतःला घालून घेतलेल्या रीतींपैकी ती सातवी. चहा, भाडं, पुस्तिका यांचा खर्च त्यातून निघतो. बाहेरची देणगी घेत नाहीत. नव्या माणसानं काही टाकलं नाही तरी कुणी बघत नाही. एएचं नाव सांगून कुणी दहा-वीस हजार मागत असेल तर ती एए नव्हे.

काही मीटिंगा 'ओपन' असतात, त्यांना घरचेही बसू शकतात. 'क्लोज्ड'मध्ये फक्त ज्यांना स्वतःला दारूचा प्रश्न आहे तेच. बायकांसाठीही दार उघडं आहे. पिणाऱ्या बाईला आपल्याकडं तोंड लपवायला जागा नसते, म्हणून तिनं आधी ऑनलाइन मीटिंगला बसावं, हवं तर कॅमेरा बंद ठेवून. तिथं इतर बाया भेटतात, मग पुढचं सोपं होतं.

५. पहिल्या मीटिंगला काय होतं

दहा मिनिटं आधी जा. उशिरा गेलात की सगळे वळून बघतायत असं वाटतं आणि पाय मागं फिरतात. त्या दिवशी प्यायला असाल तरी जा. फक्त बोलू नका, ऐका.

सुरुवातीला थोडा वेळ शांतता, मग प्रार्थना. जे बदलता येत नाही ते स्वीकारायची शांती, जे बदलता येतं ते बदलायचं धैर्य, आणि दोन्हींतला फरक कळायची समज मागणारी. मग कुणीतरी मीटिंग 'चेअर' करतो आणि एकेक जण बोलतो: 'मी अमुक, अल्कोहोलिक.' बाकीचे त्याला नावानं नमस्कार करतात. या बोलण्याला शेअरिंग म्हणतात. मध्ये कुणी टोकत नाही, सल्ला देत नाही, वाद घालत नाही. तुमची पाळी आली आणि नको वाटलं तर 'आज ऐकतो' म्हणायचं, पुरे.

कीर्तनाला बसायची सवय असलेल्या माणसाला सुरुवातीला हे बेचव वाटतं. बुवा नाही, दृष्टांत नाही, पेटी-पखवाज नाही. कुणी शिक्षक, कुणी ऑटोवाला, कुणी तलाठी, कुणी पंक्चरवाला, आणि सगळे स्वतःचंच सांगतायत. एक जण सांगतो, पगाराच्या दिवशी बायको ऑफिसच्या गेटवर उभी असायची, मग मी मागच्या कंपाउंडवरून उडी मारून जायचो. ऐकताना हसू येतं, आणि लगेच हे आपलंच आहे असं कळतं.

हीच या सगळ्याची गाभ्यातली गोष्ट. १९३५ मध्ये अमेरिकेत अ‍ॅक्रन नावाच्या गावी बिल नावाचा एक शेअर दलाल कामासाठी आला होता. काम फसलं. दारू सोडून काही महिने झाले होते आणि हॉटेलातला बार समोर होता. त्यानं चर्चच्या लोकांना फोन लावले, एखाद्या दारुड्याशी गाठ घालून द्या म्हणून. स्वतः न प्यायला त्याला दुसरा दारुडा हवा होता. गाठ पडली ती डॉ. बॉब या सर्जनशी. डॉ. बॉबनं शेवटची दारू घेतली तो दिवस, १० जून १९३५, एएचा जन्मदिवस धरतात. बायको, बाप, कीर्तनकार, फौजदार या सगळ्यांनी सांगून जे डोक्यात शिरत नाही ते दुसऱ्या दारुड्यानं सांगितलं की शिरतं. कारण त्याला खोटं सांगता येत नाही, त्यानं ती सगळी खोटी आधीच वापरलेली असतात.

मीटिंग संपली की लगेच पळू नका. चहा घ्या, दोन-चार नंबर घ्या. नंबर घेणं सोपं, तो लावणं अवघड. म्हणून त्याच रात्री एकाला फोन करून 'पोचलो' एवढंच सांगा. सुरुवातीला जमेल तेवढ्या मीटिंगा करा. नव्वद दिवसांत नव्वद असं जुने लोक सुचवतात. तालुक्याच्या गावी राहून ते जमत नाही, तर जमेल ती प्रत्यक्ष आणि बाकीच्या ऑनलाइन.

काही आठवड्यांनी स्पॉन्सर शोधा, म्हणजे तुमच्या आधी ही वाट चाललेला एखादा जुना सभासद. पुरुषाला पुरुष, बाईला बाई. ज्याचं भाषण आवडतं त्यापेक्षा ज्याचं घर आता नीट चाललंय असा निवडा. उधार पैसे मागणारा स्पॉन्सर नको, आणि त्यालाही तुम्ही मागू नका.

६. देवाचं काय करायचं

एएच्या बारा पायऱ्या, म्हणजे दारू सोडून जगायला शिकायचे टप्पे, वाचल्या की देव येतो, आणि इथं दोन प्रकारची माणसं गळतात. एक म्हणतो, देवधर्म आम्ही करतोच, यात नवीन काय? दुसरा म्हणतो, मी देव मानत नाही, ही भजनी मंडळी आपल्याला नको.

पायऱ्यांत 'आपापल्या समजुतीतला ईश्वर' असं म्हटलंय. म्हणजे वारकऱ्याला विठ्ठल, मुसलमान भावाला अल्ला, आणि न मानणाऱ्याला समोर बसलेला ग्रुप. एवढे सगळे न पिता बसलेत, म्हणजे माझ्या एकट्याच्या डोक्यापेक्षा इथं काहीतरी मोठं आहे, इतकं मान्य केलं तरी सुरुवातीला चालतं. बौद्ध सभासद पंचशीलातलं पाचवं शील सांगतात, सुरा-मेरयापासून दूर राहण्याचं. इस्लामला दारू हराम आहे, वारकऱ्याला वर्ज्य आहे. मनाई आपल्या प्रत्येक घरात आधीपासूनच होती. कमी होती ती मान्य करण्याची जागा, की मनाई कळते, पटते, तरी माझ्याच्यानं होत नाही. पहिली पायरी तेवढीच आहे.

बरं, जो देवधर्म करतोच त्याच्यासाठी. सप्ताहात सात दिवस वीणा धरून उभं राहणं आणि आठव्या दिवशी प्यायला बसणं, हे आपण पाहिलेलं आहे. सप्ताह खोटा नसतो. पण तिथं कुणी विचारत नाही की भावाच्या वाट्याचं पाणी तू का तोडलंस. पायऱ्यांतली अध्यात्माची वाट बरीचशी या असल्याच प्रश्नांतून जाते. मीटिंगला जाता म्हणून वारी सोडायची नाही, आणि वारीला जाता म्हणून मीटिंग सोडायची नाही. आषाढीच्या वाटेवर पहाटे फोनवर मीटिंग ऐकत चालणारे लोक आहेत.

सकाळी उठल्यावर चहाच्या आधी पाच मिनिटं गप्प बसा. 'आजचा दिवस न पिता जाऊ दे' एवढं म्हणा. ज्याला म्हणायचं त्याला म्हणा. रात्री झोपताना दिवसभरात कुणावर वसकन ओरडलो, कुठं खोटं बोललो, ते आठवा. रोजची साधना म्हणतात ती इतकीच.

७. वहीतला हिशेब

चौथ्या पायरीत स्वतःचा हिशेब लिहायचा असतो. दोनशे पानी साधी वही घ्या, आणि ती घरी कुणाच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवा. राग कुणाकुणावर आहे, का आहे, आणि त्यात आपला हात किती, हे लिहायचं. पहिल्या पानांवर सासरा, चुलता, सरपंच, मुकादम यांचंच सगळं येतं. तिसरा रकाना, 'माझा हात', रिकामा राहतो. तो भरेपर्यंत वही संपली असं समजू नका. लिहिता येत नसेल तर स्पॉन्सरला सांगा, तो लिहून घेईल. पाचव्या पायरीत हे सगळं एका माणसाला वाचून दाखवायचं असतं. तो माणूस बायको नसावी.

आठव्या-नवव्या पायरीत भरपाई येते. ज्यांचं नुकसान केलं त्यांची यादी, आणि मग शक्य तिथं प्रत्यक्ष भरपाई. मात्र त्यानं त्यांचं किंवा आणखी कुणाचं नुकसान होणार असेल तर नाही. महिनाभर सुटली की लोक पेढ्याचा पुडा घेऊन पाय धरत गावभर माफी मागत फिरतात. असलं करू नका. गावाला तुमच्या माफीची सवय आहे, तुमच्या उधारी फेडण्याची नाही. किराणावाल्याच्या वहीत बाकी आहे? दर बाजाराला शंभर रुपये द्या आणि त्याच्याच वहीत मांडायला लावा. बायकोचं डोरलं गहाण पडलंय? पावती कुठाय ते आधी शोधा. माफीचे शब्द नंतर आले तरी चालतात, कधी कधी लागतही नाहीत. आणि नवव्या पायरीला चौथ्या महिन्यातच हात घालू नका, स्पॉन्सरला विचारा.

८. कंदुरी, येळवस आणि निवडणूक

पुस्तिकांत 'पार्टी टाळा' असं असतं. आपल्याकडं पार्टी नावानं येत नाही.

कंदुरी येते. बोकड कापलेलं, पंगत बसलेली, आणि मागं ज्वारीच्या आड बाटल्या. जायलाच लागलं तर पंगतीच्या वेळी जा, जेवा, हात धुवून निघा. 'मागं चल जरा' म्हणणाऱ्याला डॉक्टरच्या गोळ्यांचं कारण सांगा. आपल्याकडं 'सोडली' म्हटलं की आग्रह वाढतो, 'गोळ्या चालू आहेत' म्हटलं की लोक गप्प बसतात. येळवसेला, म्हणजे वेळ अमावास्येला, शेतात भज्जी-आंबील खायला सगळ्यांना बोलवायचं असतं, तेव्हा आपल्याच शेतात थांबा. घरच्या बायका-लेकरं सोबत असली की मित्र फार वेळ रेंगाळत नाहीत. लग्नाच्या वरातीत बँडपुढं नाचायला जाऊ नका, वऱ्हाडाच्या जेवणाचं काम अंगावर घ्या.

ग्रामपंचायतीची निवडणूक हा वेगळाच प्रकार. दोन्ही पार्ट्यांची फुकटची वाहते, आणि घेतली नाही तर 'समोरच्याचा झाला' असा शिक्का बसतो. जमत असेल तर ते चार दिवस बहिणीच्या गावी, मेव्हण्याच्या शेतावर काढा. मतदानाला या आणि परत जा.

तल्लफ आली की चार गोष्टी तपासा: पोट रिकामं आहे का, राग आलाय का, एकटं पडलोय का, थकलोय का. बहुतेक वेळा चारपैकी एक सापडते. आधी खा. ऊस भरून आलेल्या, उन्हात नांगरून आलेल्या माणसाची संध्याकाळची तल्लफ निम्म्या वेळा भूकच असते. गूळ-शेंगदाणे खिशात ठेवा. मग नंबर लावा.

९. घरच्यांनी काय करायचं

एएच्या पलीकडं घरच्यांसाठी वेगळी फेलोशिप आहे, अल-अ‍ॅनॉन. अमेरिकेत १९५१ मध्ये बिलची बायको लोइस आणि तिच्या मैत्रिणीनं ती उभी केली. जवळ ग्रुप नसेल तर तीही ऑनलाइन मिळते.

वहिनींना, मावश्यांना एवढंच सांगतो. बाटल्या शोधून ओतू नका, तो नवी आणतो. त्याच्या साहेबाला 'ताप आलाय' असा खोटा फोन करू नका. प्यायलेल्या माणसाशी रात्री भांडण नको, सकाळी बोला. मारहाण होत असेल तर हे सगळं बाजूला; आधी तिथून निघा, ११२ ला फोन करा. गावातलं दुकान बंद व्हावं म्हणून बायकांनी आडव्या बाटलीला मतं देणं ही लढाई मोठी आहे आणि करावी. पण दुकान बंद झाल्यानं तुमचा माणूस बरा होईल असं धरून बसू नका, शेजारच्या गावाला रस्ता जातो.

१०. कारखान्यावर असाल तर

बीड, धाराशिव, जालन्याकडचे कितीतरी लोक दिवाळीच्या पुढंमागं कोयता घेऊन साखर कारखान्यांवर ऊसतोडीला निघतात ते उन्हाळ्यात परततात. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल अंगावर असते, कोपीत जागा नसते, पहाटेच्या थंडीत फडात उतरायचं असतं, आणि अंग दुखतं म्हणून बाटली. तिथं मीटिंगला जा म्हणणं सोपं आहे.

जाण्याआधी तीन कामं करा. कारखाना ज्या गावाजवळ आहे तिथल्या ग्रुपचा नंबर इथूनच मिळवा. पश्चिम महाराष्ट्रातल्या शहरांत ग्रुप आहेत. फोनवरच्या ऑनलाइन मीटिंगची वेळ कामाच्या हिशेबानं आधीच ठरवा. आणि उचलीची रक्कम घेताना बायको बरोबर असू द्या. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, म्हणजे ती फडात अर्धा कोयता असते, पण पैसे मोजताना तिला बहुतेक वेळा कुणी बोलावत नाही.

टोळीत आणखी एक जण सोडू म्हणणारा निघाला तर दोघं बसा. दोन-तीन दारुडे सोडण्यासाठी एकत्र बसले की तो ग्रुप होऊ शकतो. फक्त त्याला दुसरं काही जोडायचं नाही: पक्ष नाही, संस्था नाही, बुवा नाही.

११. घसरलात तर

स्लिप होते. सगळ्यांची होते असं नाही, पण बऱ्याच जणांची होते. तोंड लपवून महिनाभर घरी बसू नका. पुढच्या मीटिंगला जा आणि म्हणा, 'प्यायलो.' कुणी चकित होत नाही, चहा देतात. पुन्हा रोज प्यायला लागला असाल तर दुसऱ्या टप्प्यापासून सुरू करा, म्हणजे आधी डॉक्टर. घरीच तोडायला जाऊ नका, आधी फिट आली असेल तर मुळीच नाही.

आणि तुम्ही टिकलात, की एक दिवस रात्री फोन येईल: 'भाऊ, आमचे हे लई प्यालेत, तुम्ही या ना.' त्या वेळी एकटे जाऊ नका, ग्रुपमधल्या एकाला सोबत घ्या. माणूस तर्र असेल तर फिट, शुद्ध, श्वास एवढं बघा, एका कुशीवर झोपवायला सांगा, बोलणं सकाळवर ढकला. सकाळी जाऊन त्याला उपदेश करू नका, तुमचं स्वतःचं सांगा. पैसे देऊ नका. नंबर द्या, मीटिंगची वेळ सांगा, आणि जमलं तर त्या दिवशी गाडीवर मागं बसवून घेऊनच जा.